अनुभवाला आवाज हवा : पॉडकास्टसाठी स्वतःचे नाव कसे सुचवावे?

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे १५० खेड्यांत एक अभिनव प्रयोग केला. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे श्रोतामंडळ आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी आणि आपल्या शंका व अनुभव केंद्राकडे कळवी. पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगात एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले व त्याचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्याचे सूत्र होते. खेड्यातील श्रोत्याजवळ विचारण्यासारखे आणि सांगण्यासारखेही पुष्कळ असते, ही गोष्ट या प्रयोगाने स्पष्ट केली.

तथापि, त्या काळी सांगण्याची साधने मर्यादित होती. प्रसारण केंद्रे मोजकी, वेळ ठरावीक आणि वक्त्यांची निवड केंद्राने करावयाची, अशी व्यवस्था होती. आज परिस्थिती पालटली आहे. ध्वनिमुद्रण करून ते दूरवर पोहोचविण्याचे साधन हाती असलेल्या भ्रमणध्वनीतच उपलब्ध झाले आहे. ‘पॉडकास्ट’ या नावाने ओळखले जाणारे संवादाचे कार्यक्रम मराठीतही आता रुजले असून ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ यांसारखी नावे तरुण श्रोत्यांच्या परिचयाची झाली आहेत. अशा संवादांतून चित्रपट, साहित्य, उद्योग, राजकारण या क्षेत्रांतील परिचित व्यक्ती वारंवार भेटतात. त्या मानाने पाणीपुरवठा योजना वर्षानुवर्षे चालू ठेवणारा सरपंच, गळती थांबविणारी शिक्षिका किंवा पाणंद रस्त्यांचे जुने वाद सामोपचाराने मिटविणारा अधिकारी यांचा आवाज तेथे विरळाच ऐकू येतो.

याचे एक महत्त्वाचे कारण संकोच हे आहे. कोणी बोलावले तर जाऊ, स्वतःहून कसे सांगावे, अशी आपल्याकडील धारणा आहे. ही धारणा सभ्यतेची असली, तरी तिच्यामुळे उपयुक्त अनुभव गावाच्या शिवेबाहेर पडत नाही आणि शेजारच्या तालुक्यातील ग्रामपंचायत तीच चूक नव्याने करते. म्हणूनच अशा कार्यक्रमांकडे आपले नाव आपणच कसे सुचवावे, याची माहिती असणे अगत्याचे आहे.

पॉडकास्ट म्हणजे काय?

श्रोत्याने आपल्या सवडीने, हवे तेव्हा व हवे तितक्या वेळा ऐकावयाचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम म्हणजे पॉडकास्ट होय. तो आंतरजालावर भागांच्या रूपाने प्रसिद्ध होतो. ‘आयपॉड’ हे खिशात मावणारे श्रवणयंत्र आणि प्रसारण या अर्थाचा ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द यांच्या संयोगातून २००४ साली हे नाव प्रचारात आले. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले. नाव मात्र टिकून राहिले. अलीकडे अनेक कार्यक्रमांचे चित्रीकरणही होते व ते यूट्यूबवर पाहावयास मिळतात.

रेडिओवरील भाषण आणि पॉडकास्ट यांत एक मूलभूत फरक ध्यानात घेतला पाहिजे. रेडिओवरील भाषणाला मिनिटांची मर्यादा असे व त्याची संहिता आधी लिहून द्यावी लागे. पॉडकास्टमध्ये बहुधा लिखित भाषण नसते, तर मोकळी मुलाखत असते आणि ती पाऊण तास, तासभर किंवा त्याहून अधिक काळ चालते. त्यामुळे येथे वक्तृत्वापेक्षा अनुभवाच्या तपशिलाला अधिक मोल येते. सभेत बोलताना अडखळणारा माणूसही आपल्या कामाविषयी विचारले असता तासभर सहज बोलू शकतो.

संचालकाची गरज

स्वतःचे नाव सुचविणे म्हणजे याचना करणे नव्हे, हे समजण्यासाठी कार्यक्रम चालविणाऱ्याची बाजू पाहिली पाहिजे. आठवड्याला एक भाग प्रसिद्ध करावयाचा तर वर्षाला सुमारे पन्नास पाहुणे शोधावे लागतात. अनेक कार्यक्रम एक-दोन माणसेच चालवितात. पाहुणा शोधणे, विषयाचा अभ्यास, ध्वनिमुद्रण, संपादन आणि प्रसिद्धी ही सर्व कामे त्यांनाच करावी लागतात. साहजिकच ती परिचितांच्या वर्तुळातून पाहुणे निवडतात आणि त्यामुळे तीच ती नावे पुन्हा पुन्हा ऐकू येतात. अशा संचालकाला नवा विषय आणि त्यावर अधिकाराने बोलू शकणारी व्यक्ती घरबसल्या मिळाली, तर त्याची निम्मी चिंता मिटते. चांगला प्रस्ताव हे त्याला केलेले साहाय्यच असते. मात्र तो खरोखरच त्याच्या श्रोत्यांच्या उपयोगाचा हवा.

आधी ऐकावे, मग लिहावे

पत्र लिहिण्यापूर्वी कार्यक्रमाची निवड काळजीपूर्वक करावी. श्रोत्यांची संख्या किती मोठी, एवढाच निकष लावू नये. ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टी वसुलीचा अनुभव लाखो श्रोत्यांच्या मनोरंजनप्रधान कार्यक्रमात हरवून जाईल. शेती, शिक्षण किंवा स्थानिक स्वराज्य या विषयांना वाहिलेल्या लहानशा कार्यक्रमात तोच अनुभव नेमक्या माणसांपर्यंत पोहोचेल.

निवडलेल्या कार्यक्रमाचे किमान तीन भाग संपूर्ण ऐकावेत. ऐकताना चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : बाहेरचे पाहुणे बोलाविले जातात काय, भाग साधारण किती वेळाचा असतो, प्रश्न कोणत्या प्रकारचे विचारले जातात, आणि आपल्या विषयावर पूर्वी कोण काय बोलून गेले आहे. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. पूर्वीच्या भागात जे राहून गेले, तेच आपल्या प्रस्तावाचे बीज ठरू शकते. संपर्काचा पत्ता बहुधा कार्यक्रमाच्या परिचयातच दिलेला असतो.

ज्यांना ध्वनिक्षेपकासमोर बोलण्याची सवय नाही, त्यांनी प्रथम जवळच्या सामुदायिक रेडिओ केंद्राकडे जावे, हे उत्तम. केंद्र शासनाने २००२ साली शैक्षणिक संस्थांसाठी आणि २००६ साली स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांच्यासाठी अशा केंद्रांचा मार्ग खुला केला. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे अशा केंद्रांचे एक उदाहरण आहे. येथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच परिसरातील असल्याने संकोच लवकर मोडतो. शिवाय तेथील ध्वनिमुद्रण पुढे मोठ्या कार्यक्रमाला नमुना म्हणून पाठविता येते.

विषय नेमका हवा

प्रस्ताव फसण्याचे मोठे कारण विषयाची व्यापकता हे असते. ‘जलसंधारण’, ‘गुणवत्तापूर्ण शिक्षण’, ‘महिला सक्षमीकरण’ ही खात्यांची किंवा योजनांची शीर्षके झाली. त्यांवर कोणीही बोलू शकतो. ज्यावर फक्त आपणच बोलू शकतो, तो आपला विषय.

हिवरे बाजारचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावाविषयी ‘तेथे पाणलोटाची कामे झाली’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी, तेथे गावचा पाऊस मोजला जातो, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरविली जातात, असे सांगितले की श्रोत्याच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात : मोजणी कोण करते? एखाद्याने ऐकले नाही तर काय? ज्या विधानातून पुढचा प्रश्न जन्म घेतो, तेच मुलाखतीचे खरे भांडवल होय.

विषय निश्चित करण्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपल्या कामात असा कोणता निर्णय घेतला गेला, की ज्यामुळे पुढचे चित्र बदलले? त्यात काय फसले व का? आणि हे ऐकून दुसऱ्या गावचा माणूस सोमवारी सकाळी कोणते काम हाती घेऊ शकेल? या तिन्हींची उत्तरे प्रत्येकी दोन वाक्यांत देता आली, तर विषय तयार झाला असे समजावे. दुसऱ्या प्रश्नाला बगल देऊ नये. यशाच्या कथा श्रोत्यांनी पुष्कळ ऐकलेल्या असतात. अपयशाचा प्रामाणिक हिशेब मात्र क्वचित ऐकावयास मिळतो आणि त्यावरच त्यांचा विश्वास बसतो.

प्रस्तावाचे पत्र

कार्यालयीन पत्रव्यवहाराची सवय झालेल्यांकडून पुष्कळदा असे पत्र लिहिले जाते : ‘महोदय, मी गेली अठरा वर्षे सामाजिक क्षेत्रात कार्यरत असून मला विविध पुरस्कार प्राप्त झाले आहेत. आपल्या लोकप्रिय कार्यक्रमात मला संधी मिळाल्यास मी कोणत्याही विषयावर विचार मांडू शकेन. सोबत परिचयपत्र व छायाचित्रे जोडली आहेत.’ या पत्रात पत्रलेखकाचा गौरव आहे, पण श्रोत्यासाठी काहीच नाही. ‘कोणत्याही विषयावर’ हे शब्द तर नकारालाच निमंत्रण देणारे आहेत.

याउलट, पुढील काल्पनिक नमुना पाहावा :

‘स. न. आपल्या कार्यक्रमातील विहीर पुनर्भरणाविषयीचा भाग ऐकला. भूजल वाढविण्याची माहिती त्यात उत्तम आली आहे. वाढलेले पाणी पुढे गावाने वाटून कसे घ्यावे, हा प्रश्न मात्र शेवटी राहून गेला. त्याविषयी आमच्या गावचा अनुभव सांगावासा वाटतो.

मी गेली चार वर्षे सरपंच आहे. आमच्या गावातील महिला दर महिन्याच्या एक तारखेला बारा विहिरींची पाणीपातळी मोजतात व ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहितात. पहिल्या वर्षी हा फलक कोणी वाचला नाही. दुसऱ्या वर्षी मार्चमध्येच नऊ विहिरी तळाला गेल्या, तेव्हा त्याच आकड्यांच्या आधारे उन्हाळी पिकाचा निर्णय ग्रामसभेने घेतला. हा निर्णय सर्वांनी पाळला नाही. त्यांच्याशी कसे बोललो, तेही सांगता येईल. मोजणीसाठी गाठी मारलेला दोर आणि एक वही एवढाच खर्च आला.

बोलताना वह्यांतील नोंदी माझ्याजवळ असतील. माझ्या आवाजातील दोन मिनिटांचे मुद्रण सोबत पाठवीत आहे. सायंकाळी सहानंतर केव्हाही बोलू शकेन. कळावे.’

हे पत्र मिनिटाभरात वाचून होते. पत्रलेखिकेने कार्यक्रम ऐकला आहे, हे पहिल्याच वाक्यावरून दिसते. विषय कोठून सुरू होईल, अडचण कोणती आली आणि पुरावा काय, हे पुढे क्रमाने येते. पुरस्कारांचा उल्लेख कोठेही नाही आणि तो नसल्याने काही बिघडतही नाही. आवाजाचा नमुना सोबत असल्याने संचालकाला निर्णय घेणे सोपे जाते. एकच पत्र दहा ठिकाणी जसेच्या तसे पाठविणे मात्र टाळावे. संचालकांच्या ते तत्काळ ध्यानात येते.

उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच, दोन ओळींत आठवण द्यावी. त्यानंतरही मौन राहिल्यास दुसऱ्या कार्यक्रमाकडे वळावे. वशिला लावणे, वरिष्ठांकडून दूरध्वनी करविणे हे प्रकार येथे निरुपयोगी तर आहेतच, पण संबंध बिघडविणारेही आहेत. नकार आला, तर आभार मानून त्याच विषयावर बोलू शकणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कार्यकर्त्याचे नाव सुचवावे.

परवानगी आणि मर्यादा

शासकीय कर्मचाऱ्यांनी प्रस्ताव पाठविण्यापूर्वीच आपल्याला लागू असलेले नियम पाहिले पाहिजेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांत वृत्तपत्रे व नभोवाणी यांच्याशी येणारा संबंध, शासनावरील टीका आणि माहिती अनधिकृतपणे देणे यांविषयी तरतुदी आहेत. जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम लागू होतात, तर खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी १९८१ ची नियमावली आहे. हे नियम झाले तेव्हा पॉडकास्ट हा शब्दही अस्तित्वात नव्हता. पण तेवढ्यावरून असे कार्यक्रम नियमांच्या कक्षेबाहेर आहेत, असा समज करून घेणे धोक्याचे ठरेल. सामाजिक माध्यमांच्या वापराबाबत राज्य शासनाने २०२५ साली दिलेल्या सूचनाही विचारात घ्याव्यात. विषय, कार्यक्रमाचे नाव आणि अपेक्षित तारीख नमूद करून सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घेणे, हा सर्वांत निर्वेध मार्ग होय. मत व्यक्तिगत असेल, तर तसे मुलाखतीत स्पष्ट सांगावे.

लोकप्रतिनिधींना कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम लागू नसले, तरी निवडणुकीच्या आचारसंहितेचे भान त्यांनी ठेवले पाहिजे. जानेवारीत मुद्रित झालेला भाग ऐन निवडणुकीत प्रसिद्ध होऊ शकतो. म्हणून प्रसिद्धीची तारीख आधीच विचारून घ्यावी.

सर्वांत मोठी जबाबदारी इतरांच्या खाजगी जीवनाबाबतची आहे. शाळा सोडलेल्या मुलीची, कर्जबाजारी कुटुंबाची किंवा अत्याचारपीडित बालकाची ओळख पटेल असा तपशील देऊ नये. पीडित बालकाची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. लहान गावात केवळ नाव वगळणे पुरेसे होत नाही. गल्ली, व्यवसाय आणि वर्ष सांगितले तरी माणूस ओळखता येतो. रेडिओवरील शब्द हवेत विरून जाई. पॉडकास्टमधील शब्द वर्षानुवर्षे राहतो आणि कोणालाही पुन्हा ऐकता येतो.

फसवणुकीपासून सावध

पाहुण्याकडून शुल्क घेणारे काही कार्यक्रम आहेत. अशी मागणी आल्यास ती जाहिरात समजावी आणि ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा पैसा त्यासाठी वापरू नये. याखेरीज, मुलाखतीचे आमिष दाखवून ‘पूर्वतयारी’च्या नावाखाली आपल्या यंत्राचा पडदा दाखवावयास लावणे आणि सामाजिक माध्यमावरील खात्याचा ताबा घेणे, असेही प्रकार घडले आहेत. खरी मुलाखत घेणाऱ्याला आपला परवलीचा शब्द, भ्रमणध्वनीवर आलेला संकेतांक किंवा बँकेचा तपशील यांची गरज नसते. शंका आल्यास मूळ कार्यक्रमाच्या अधिकृत पत्त्यावर खातरजमा करावी. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्वरित कळवावे.

मुलाखतीची तयारी

निमंत्रण आल्यावर भाषण लिहून पाठ करू नये. एका कागदावर पाच-सहा प्रसंग आणि त्यांतील वर्षे, रकमा व नावे नोंदवून तो समोर ठेवावा. एखादा आकडा आठवत नसेल, तर ‘नोंद पाहून कळवितो’ असे म्हणावे; अंदाजाने सांगितलेला आकडा पुढे आधार म्हणून वापरला जातो, हे विसरू नये.

दूरस्थ मुलाखतीसाठी खास दालनाची आवश्यकता नसते. पडदे, गाद्या, कपड्यांचे कपाट असलेल्या लहान खोलीत आवाज घुमत नाही. रिकामे सभागृह किंवा पत्र्याचे छत असलेली खोली टाळावी. पंखा बंद ठेवावा, कानात श्रवणयंत्र घालावे आणि ध्वनिग्राहक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर धरावा. वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता धरून यंत्र आधीच पूर्ण भारित करून ठेवावे. बोलीतले शब्द आवर्जून वापरावेत; शासकीय परिभाषेतील संक्षेप मात्र उलगडून सांगावेत.

‘मी केले’ आणि ‘आम्ही केले’ यांतील भेदही सांभाळावा. ज्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, अंगणवाडी सेविकेने किंवा शेतकऱ्याने प्रत्यक्ष काम केले, त्याचा वाटा त्याच्या संमतीने सांगितला जावा. आपल्या नावाचा प्रस्ताव पाठविणाऱ्यावर ही जबाबदारी अधिक असते, कारण तो प्रत्यक्षात अनेकांच्या वतीने बोलत असतो.

प्रसिद्धीनंतर

भाग प्रसिद्ध झाला म्हणजे काम संपले, असे नाही. त्याचा दुवा तालुक्यातील इतर सरपंच, केंद्रप्रमुख व शिक्षक यांना पाठवावा. ग्रामसभेपूर्वी किंवा शिक्षण परिषदेत त्यातील दहा मिनिटांचा अंश सर्वांनी मिळून ऐकावा व त्यावर चर्चा करावी. आलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि कोणी चूक दाखविली, तर ती दुरुस्त करून संचालकाला कळवावी. रेडिओभोवती जमणाऱ्या श्रोतामंडळांचे सूत्र येथेही लागू पडते. ऐकण्यानंतर चर्चा आणि चर्चेनंतर कृती झाली नाही, तर उत्तम मुलाखतही केवळ करमणूक ठरते.

राज्यातील हजारो ग्रामपंचायतींत आणि शाळांत दररोज लहानमोठे निर्णय घेतले जातात. त्यांतील काही यशस्वी होतात, काही फसतात; आणि बहुतेकांची आठवण ते घेणारी माणसे बदलून जाताच पुसली जाते. सरपंचाची मुदत संपते, शिक्षकाची बदली होते, अधिकारी निवृत्त होतो. त्यापूर्वी त्यांचा अनुभव त्यांच्याच आवाजात नोंदला गेला, तर मागून येणाऱ्याला कोऱ्या पाटीपासून आरंभ करावा लागणार नाही. त्यासाठी संकोच बाजूला ठेवून एक पानभर पत्र लिहिण्याची तयारी मात्र हवी.